ऐंशी लिटरचं भांडण

बेव्ह, तू मला जिंकू दिलंस. बाकी सगळं मी कधी ना कधी पोटात घालीन, पण हे नाही.

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. आणि तुला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही, म्हणूनच मराठीत लिहिते आहे. ज्याच्याशी बोलायचं त्यालाच कळू द्यायचं नाही, ही रीत तुझीच.

तू माझी विहीण. माझ्या मंजिरीची सासू, क्रेगची आई. आमच्याकडे विहिणीचा मान केवढा असतो, तुला काय सांगू. सात वर्षांपूर्वी मंजिरीचे बाबा गेले आणि मी कराडचं घर बंद करून इथे परदेशात, अप्पर हट गावी लेकीकडे राहायला आले, तेव्हा तुझ्यासाठी साडी, खण, नारळ असं सगळं घेऊन निघाले होते. नारळ विमानतळावरच काढून घेतला. साडी घेऊन तुझ्या दारात उभी राहिले तर तू पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, अंगात कोपरावर भोक पडलेला स्वेटर. म्हणालीस, "लीला ना? मी बेव्ह. चहा?" संपला मानपान! मी वाटभर पाठ करून आणलेली अदबीची इंग्रजी वाक्यं तशीच घशात राहिली. त्या दिवसापासून तू मला लीला आणि मी तुला बेव्ह.

त्याच आठवड्यात तू तुझी ती जुनी बॅग घेऊन आलीस. खांद्याचे पट्टे उसवलेले, तळाला ठिगळावर ठिगळ. क्रेग मला आई म्हणतो, तुला मम. त्याने तुला सांगितलं होतं की आई दप्तरं शिवायची. खरंच शिवायची. शाळेच्या पोरांची दप्तरं, डब्याच्या पिशव्या, बैलांच्या झुली, पडेल ते. मला शिवण कुणी शिकवलं नाही. लोकांच्या फाटक्या वस्तू उसवायच्या, तुकडे ओळीने मांडायचे आणि परत जोडायच्या, असं शिकले मी. तुझी बॅगही आधी पूर्ण उसवली. तू बघत राहिलीस. दुसरी कुणी असती तर ओरडली असती. तू म्हणालीस, "बरं, आता परत जमव."

शिवता शिवता मी विचारलं होतं, "हिच्यात भरतेस तरी काय?"

"स्लीपिंग बॅग. छोटा तंबू. चूल. तीन रात्रींचं खाणं. पावसाचा कोट, दोरी, औषधं."

"एवढंच? मग ही एवढी धोकटी कशाला? ऐंशी लिटर? अर्धी रिकामी राहील."

"राहायलाच पाहिजे."

"रिकामी बॅग घेऊन डोंगर चढायचा?"

"रिकाम्या जागेला वजन नसतं, लीला. येताना त्या जागेत हरीण असतं."

तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते सहा वर्षं चाललं. माझं म्हणणं साधं होतं. बॅग मोठी असली की माणूस भरत जातो. आमच्या गावाकडे मोठी पिशवी घेऊन बाजाराला गेलं की भोपळा आणतातच. आणि तुझं वय तेव्हा सदुसष्ट. मोठी बॅग म्हाताऱ्या माणसाला त्याचं वय विसरायला लावते, म्हटलं. तू म्हणायचीस, छोटी बॅग त्याहून वाईट. छोटी बॅग घेऊन गेलं, जनावर मिळालं, हाडं काढून मांस पंचवीस-तीस किलो भरलं, की मग माणूस मांडीचं तेवढं घेतो आणि उरलेलं तिथेच टाकून येतो. वर स्वतःला समजावतो की पाखरं खातील.

"तू मारलंस तर तू आणायचंस. सगळं. ज्या बॅगेत ते मावणार नाही ती बॅग घेऊन जायचं असेल तर बंदूक घरी ठेवायची."

"दोन खेपा कर."

"चार तासांच्या वाटेवर दोन खेपा? तू करतेस का?"

"मी कशाला करू? मी दुकानातून आणते."

यावर तू इतकी हसलीस की चहा सांडला. माझी इंग्रजी मोडकी, पण तुझ्याशी भांडताना ती कुठून तरी धावत यायची. क्रेग म्हणायचा, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही म्हणूनच जमतं.

दुसऱ्या वर्षी मी तुला नवी बॅग शिवून दिली, तुझ्याच मापाने. जाड नायलॉन, तुझी जुनी ॲल्युमिनियमची फ्रेम, कमरेला रुंद पट्टा. मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत टेपने तुझी पाठ मोजली. तू सांगितलंस की बॅगेची खरी निवड तिथे होते, लिटरमध्ये नाही; वजन कमरेने उचलायचं, खांद्यांनी फक्त तोल धरायचा. मी म्हटलं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, आमच्या बायका कळशी कमरेवरच घेतात. लिटर मोजायचे कसे हा प्रश्न आला तेव्हा मी दुधाच्या दोन-दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या आत कोंबल्या. क्रेग म्हणाला, आई, मध्ये फटी राहतात, हे माप चूक आहे. तू म्हणालीस, "मांसातसुद्धा फटी राहतात. स्वीट ॲज." म्हणजे तुमच्या बोलीत, झकास चालतंय.

मांसाला वारा लागायला हवा म्हणून माझ्या जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवून दिल्या. माझी अबोली काठाची साडी तारारुआच्या डोंगरात हरणाचं मांस गुंडाळायला गेली, हे मी कराडच्या बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "लीले, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" होतं गं. कधी नव्हे इतकं होतं. तू खाली आलीस की पहिली कलेजी माझ्याकडे. कांदा-लसूण मसाला घालून परतायची आणि दोघींनी उभ्यानेच तव्यातून खायची. तुझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, पण थांबायची नाहीस.

हे मी विसरले नाही, बेव्ह. नवरा गेल्यावर मशीनला हात लावायचा नाही असं ठरवून आलेली बाई मी. तू तुझ्या शिकारी मैत्रिणींना माझ्या दारात आणून उभं केलंस. कुणाचा पट्टा, कुणाची चेन, कुणाला अख्खी बॅग. "ही माझी बॅगवाली," म्हणून ओळख करून द्यायचीस, आणि असं म्हणायचीस की जणू मी सर्जन आहे. तू मला परत शिवायला बसवलंस. ते ऋण आहेच. पण म्हणूनच तर जास्त लागतं.

चौथ्या वर्षी, एप्रिलच्या जरा आधी, डोंगरात नर हरणं माजावर येऊन ओरडायला लागायच्या बेतात होती तेव्हा, तू आलीस आणि टेबलावर बॅग टाकलीस.

"लीला, तुझं बरोबर होतं. पासष्टची कर."

मी चष्मा काढून तुझ्याकडे बघितलं. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू. परत म्हणणार नाही."

अगं, मला काय आनंद झाला! माझ्या आयुष्यात माझं बरोबर होतं असं मला कितीजणांनी सांगितलं असेल? बापाने नाही, नवऱ्याने नाही, पोरीने तर नाहीच. मी त्या दिवशी कराडला फोन लावला. "इथल्या शिकारी बाईला मी शहाणं केलं," असं म्हणाले. तू समोर बसून बिस्किट खात होतीस.

मी बॅग लहान केली, पण कापड कापलं नाही. मी कधीच कापत नाही. दप्तरं शिवणारी बाई आत माया सोडते. पोरगं वाढतं, पुस्तकं वाढतात, उसवून मोठं करता येतं.

मागच्या वर्षी परत आलीस. आता पन्नास. "दोनच रात्री जाणार. हलकं बरं वाटतं." मी विजयाने पार फुलून गेले होते. तू म्हणालीस, कमरेचा पट्टाही आत घे. टेप लावला तर चांगली चार बोटं आत. मी म्हटलं, "बारीक झालीस. मानवलं तुला." तू म्हणालीस, "हो ना." आणि मग म्हणालीस, "आत दुमडून ठेवू नकोस या वेळी. काप. उगीच वजन कशाला?"

मी कापलं. बेव्ह, मी माझ्या हाताने कापलं.

मी शिंपीण आहे. माणसाचं शरीर आधी टेपला कळतं, मग डॉक्टरला. टेप माझ्या हातात होता, तुझ्या कमरेभोवती होता, आणि मी काय केलं? जिंकल्याच्या आनंदात चार बोटं मोजली आणि खडूने खूण केली. तुझ्यावर आहे तितकीच मी माझ्यावरही चिडलेली आहे, हे लिहून टाकते. पण आधी तुझ्यावर.

त्या वर्षी तू मांस आणलं नाहीस. "दिसलंच नाही काही," म्हणालीस. मी म्हटलं, बघ, बॅग लहान असली की कशी सुटसुटीत परत येतेस! आता कळतंय. ज्या बॅगेत मावणार नाही ती नेली तर बंदूक वापरायची नाही, हा तुझा नियम. म्हणजे मी टाके घालत गेले तसतशी तुझी शिकार बंद होत गेली, आणि ती बंद करायला तू मलाच सांगत होतीस, हसत हसत, माझा चहा पीत.

मला कळलं कुठे, तर तुझ्या निरोपाच्या दिवशी. हॉलमध्ये. मला वाटत होतं, सगळ्यांना वाटतं तसंच, की तू आजारी पडलीस आणि महिन्याभरात गेलीस. सगळ्यांना तसं वाटत नव्हतं. मी कोथिंबीर वड्यांचं ताट घेऊन भिंतीशी उभी होते. तुझ्या शेजारचा तो उंच म्हातारा बोलायला उठला आणि म्हणाला, "चार वर्षं तो रोग अंगावर घेऊन ही बाई डोंगर चढली. एकदा कुरकुरली नाही." सगळा हॉल मान हलवत होता. तुझ्या शिकारी मैत्रिणी, तू दूध घ्यायला जायचीस तो डेअरीवाला, माझी स्वतःची लेक. एक मीच होते जिची मान हलली नाही. ताट कुठे ठेवावं ते मला सुचेना.

गाडीत बसल्यावर मी मंजिरीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आई, घरी जाऊन बोलूया."

"होतं की नव्हतं?"

"होतं. पहिल्यापासून. तिने प्रॉमिस घेतलं होतं माझ्याकडून."

"मी तुझी आई आहे."

"आणि ती माझी सासू होती. मी नर्स आहे, आई. पेशंट म्हणतो सांगू नका, तर आम्ही नाही सांगत."

"तुझी पेशंट होती ती?"

"नाही."

"मग मला नियम शिकवू नकोस."

मंजिरी रडायला लागली. क्रेग गाडी चालवत होता. तो सहसा आमच्या मध्ये पडत नाही. या वेळी समोर बघतच इंग्रजीत म्हणाला, "आई, ममला तू सांगितलं होतंस. तुझ्याच्याने परत होणार नाही म्हणून. मम म्हणायची, लीलाने स्पष्ट सांगितलंय."

आणि मला आठवलं.

पहिल्या वर्षीची गोष्ट. तुझी बॅग उसवून पुढ्यात घेऊन बसले होते आणि ह्यांचा विषय निघाला. दोन वर्षं अंथरुणावर होते. उठवणं, पुसणं, पेज भरवणं, रात्री श्वास मोजणं. ते सांगता सांगता मी रडले आणि म्हणाले, आता परत कुणाचं असं बघायची ताकद नाही माझ्यात. पुढच्या वेळी मला सांगूच नका, परस्पर उरका. तू नुसता रुमाल पुढे केलास.

अगं बाई! ते काय खरं धरायचं असतं?

पण तू धरणारच. तुझा स्वभावच तो. पहिल्यांदा जेवायला बोलावलंस तेव्हा आणखी बटाटे घेतेस का विचारलंस. मी "नको" म्हटलं. तू भांडं उचलून नेलंस. मी थक्क झाले. आमच्याकडे पहिलं "नको" हे काही उत्तर नसतं; ती बोलण्याची सुरुवात असते. दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा ताटात वाढायचंच, आणि मग पाहुणी म्हणते, काय हे, किती वाढलंत. मी त्या दिवशी घरी येऊन भाकरी खाल्ली. नंतर नंतर मी शिकले तुझ्याकडे सरळ "हो" म्हणायला. बटाट्यांच्या बाबतीत शिकले. या बाबतीत तू मला परत विचारलंच नाहीस.

मंजिरी म्हणाली, "आई, ती म्हणायची, सगळे माझ्याकडे काचेचं भांडं असल्यासारखं बघतात. एक लीला तेवढी माझ्याशी भांडते. तिच्याकडे गेलं की मी आजारी नसते."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मंजिरीला वाटलं, मला बरं वाटेल. नाही वाटलं. तुला भांडायला कुणीतरी हवं होतं हे मला कळतं. पण मला काय हवं होतं, ते कुणी विचारलं? मला तुझ्या पायांना तेल लावायचं होतं. तुला मऊ भात करून आणायचा होता. तुझ्याशी भांडायचंही होतं, पण सगळं माहीत असून भांडायचं होतं. माणूस जाणार हे माहीत असून त्याच्याशी भांडता येतं गं. आम्ही दोन वर्षं तेच केलं. ह्यांच्याशी मी शेवटच्या आठवड्यातही मीठ कमी-जास्तवरून भांडले आहे, आणि त्यांना ते आवडायचं. ते मी तुला सांगितलं नाही. तुला नुसतं रडणं सांगितलं. ती चूक माझी.

आता मी बसते आणि आठवते. चार वर्षांतली आपली भांडणं एकेक. यातलं कुठलं खरं होतं? पासष्टच्या वेळी तुला खरंच थोडंसं तरी पटलं होतं का माझं? की नुसतं "लीलाला खूश होऊ दे"? तू मला लहान पोरासारखं जिंकवलं असशील तर ते मला नको. मला तुझ्याकडून हरायची सवय होती आणि ती चांगली होती. माझ्या मनात मी तुझ्या बरोबरीची होते. तुझ्या मनात मी कधीपासून जपायची वस्तू झाले?

आणि खरं सांगू? तुझंच बरोबर होतं. पहिल्यापासून. बॅग ऐंशीचीच हवी. येताना काय आणायचं आहे याचा विचार जाताना केला पाहिजे, हे एवढं साधं मला पहिल्या दिवशी कळलं होतं. कलेजी खाताना तर नक्कीच. पण तुला तसं म्हटलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि भांडण संपलं तर तू यायचीस कशाला, अशी मला भीती. बघ म्हणजे. मीही तुला हे कधी सांगितलं नाही.

काल क्रेग आला. शनिवारी तो आणि मंजिरी तुझी राख घेऊन डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला जाणार आहेत. वाटेतल्या लाकडी खोपीत एक रात्र मुक्काम.

"आई, तू नाही येणार ना? गुडघ्यांचं..."

"नको रे, तुम्ही जा, माझं काय एवढं," हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आयुष्यभर तयार आहे. तो तुझाच मुलगा, बेव्ह. त्याने ते ऐकलं असतं, मान हलवली असती आणि गेला असता.

मी म्हटलं, "येणार."

"चार तास चढ आहे."

"मग मला सात लागतील."

तो म्हणाला, "ओके. तुझं सामान मी घेतो माझ्या बॅगेत."

"नाही. माझं ओझं किती आहे ते मला कळू दे."

तेव्हा शनिवारी येते आहे. हळूहळू येईन, बसत बसत, पण येईन. वर पोचले की मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि बेव्ह, हे खरं धरू नकोस.